केबल काढायची का?

दिवाळीत मुलगा पुण्याहून आला होता. पाडव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर सुपारी कातरता कातरता त्याने विषय काढला, "आई, केबल बंद करून टाक आता. किती चॅनल बघता तुम्ही? पाच? सहा? आणि पैसे भरता दोनशे चॅनलचे. फायबर घेऊ, नवा टीव्ही घेऊ, जे हवं ते हवं तेव्हा बघ."

हिशेब त्याचा बरोबर होता. मी मनातल्या मनात मोजून पाहिले तर सहासुद्धा होईनात. तरी तोंडातून चटकन 'हो' निघेना. मी म्हटलं, "संक्रांतीपर्यंत सांगते."

चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. कुठलाही प्रश्न आला की आधी पूर्वपीठिका, मग कारणं, मग परिणाम, ही खोड काही सुटत नाही. बाईंना किती वाजले विचारलं तरी त्या सनावळी सांगतील, असं मुलं मागे बोलायची, हे मला ठाऊक होतं. तेव्हा या केबलच्या प्रश्नाचीही पूर्वपीठिका काढायला बसले. तुम्हाला कंटाळा आला तर मधला भाग सोडून द्या.

भारतात टीव्ही सुरू झाला तो १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत, आणि तोही प्रयोग म्हणून. आम्हा मुंबईकडच्यांना त्यापुढे तेरा वर्षं थांबावं लागलं. वरळीचं केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. मी तेव्हा बी.ए.च्या वर्गात होते आणि टीव्ही फक्त दुकानाच्या काचेतून पाहिला होता. लग्न होऊन १९७५ साली डोंबिवलीच्या चाळीत आले, तेव्हा आमच्या चाळीत एकच टीव्ही होता, मालकांकडे. चार पायांवर उभा, पुढे सरकणारं लाकडी शटर, त्याला कुलूप. वर क्रोशाचा रुमाल.

शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा आणि रविवारी हिंदी. त्या दोन दिवशी मालकांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. मुलं पुढे जमिनीवर, बायका मागे, पुरुष दाराला टेकून गॅलरीत. 'गजरा', 'आमची माती आमची माणसं', आणि 'चिमणराव'! दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. चि. वि. जोशी मी मुलांना धड्यातून शिकवत होते, पण चिमणराव असाच दिसत असणार हे मला त्या टीव्हीवर पाहून पटलं. (मध्यंतरी त्याचे सगळे भाग कुठे मिळतात का शोधले. एखाददुसरा मिळाला. 'जे हवं ते हवं तेव्हा' हे मुलाचं वाक्य तिथेच थोडं लंगडलं.)

अँटेनावर कावळा बसला की चित्राला मुंग्या यायच्या. मग कोणीतरी कौलावर चढायचं, खालून ओरडायचं, "आलं! आलं! गेलं... अरे, होतं तिथेच ठेव!" टीव्हीला तेव्हा लायसन्स लागे आणि त्याची फी पोस्टात जाऊन भरावी लागे. आज नातीला सांगितलं तर तिला वाटलं मी थट्टा करतेय. टीव्हीला लायसन्स म्हणजे काय, तो काय रस्त्यावर चालवायचाय?

निवड अशी काही नव्हतीच. संध्याकाळी कार्यक्रम सुरू व्हायचे, रात्री संपायचे, बस. खरी निवड होती मालकीणबाईंच्या हातात. त्यांना झोप आली की शटर बंद. सिनेमाचा शेवट मी कितीतरी वेळा दुसऱ्या दिवशी शाळेतल्या सहकारी बाईंकडून ऐकलाय.

मग आलं १९८२. एशियाड नोव्हेंबरात झालं, रंगीत टीव्ही त्या वर्षी आला, एवढं सगळ्यांना आठवतं. पण त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून दिल्लीहून 'राष्ट्रीय कार्यक्रम' सुरू झाला, हे कमी लोकांच्या लक्षात आहे. देशभरच्या केंद्रांवर रात्रीच्या वेळी एकच कार्यक्रम, हिंदी आणि इंग्रजीत. त्यामागचा विचार मला कळतो, उपग्रह हाती आला होता, देश एका सूत्रात बांधायचा होता. पण आमच्या घरात त्याचा परिणाम वेगळा झाला. सासूबाई कोकणातल्या, हिंदी त्यांना भाजीवाल्यापुरती यायची. आम्ही १९८४ साली हप्त्याने स्वतःचा टीव्ही घेतला (कृष्णधवलच, दोन पगारांत तेवढाच बसत होता). मराठी कार्यक्रम संपून दिल्ली सुरू झाली की त्या पदर सावरून उठायच्या. "तुमचं चालू द्या, माझं झालं," म्हणायच्या आणि अंथरुणावर जाऊन पडायच्या. झोप लागायची नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. 'हम लोग' ७ जुलै १९८४ ला सुरू झालं, आम्ही दोघं आणि मुलगा अगदी रंगून बघायचो, आणि आतल्या खोलीत त्या छताकडे बघत पडलेल्या असायच्या. 'रामायण' मात्र १९८७ च्या जानेवारीत सुरू झालं तेव्हा त्या बसू लागल्या. ती गोष्ट समजायला हिंदी लागत नव्हती.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण असं, की पूर्वपीठिका काढता काढता मला हेच दिसू लागलं. टीव्हीच्या इतिहासात यंत्रं बदलली, तारा बदलल्या, पण भांडण खरं एकाच गोष्टीचं आहे, ते म्हणजे संध्याकाळ कुणाची? आधी ती मालकीणबाईंची होती, मग दिल्लीची झाली.

केबल आली ती चोरपावलांनी. मुंबईतल्या उंच इमारतींत १९८४ च्या सुमाराला सुरू झालं म्हणतात. एक व्हिडिओ प्लेअर, त्यातून घरोघर गेलेली वायर, आणि रात्री एक सिनेमा. आमच्याकडे ती लाट थोडी उशिरा आली. पण खरी केबल आली आखाती युद्धानंतर. जानेवारी १९९१ मध्ये बगदादवर बॉम्ब पडताना लोकांनी सीएनएनवर प्रत्यक्ष पाहिले, तेही पंचतारांकित हॉटेलांच्या डिशवर. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार सुरू झालं. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आला. (वरळीचं केंद्र २ ऑक्टोबर, चोप्रांचं 'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८, झी २ ऑक्टोबर. गांधीजींना टीव्हीवाल्यांनी जेवढं वापरलंय तेवढं काँग्रेसनेही नसेल!)

आमचा केबलवाला माझाच विद्यार्थी. दहावीला इतिहासात त्याला जेमतेम पास होण्यापुरते मार्क होते, पण वायर, सोल्डरिंग, बूस्टर यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १९९३ साली गच्चीवरून गच्चीवर काळी वायर टाकत तो आमच्या इमारतीपर्यंत आला (तोवर आम्ही चाळ सोडून दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला होता). "बाई, तुमच्याकडून डिपॉझिट नाही घेणार," म्हणाला. महिन्याचे पैसे मात्र वेळेवर न्यायचा. पावती वगैरे काही नाही, त्याच्या वहीत एक टिकमार्क.

त्या नोव्हेंबरात हिरो कपच्या क्रिकेटवरून मोठा वाद झाला. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले, सरकार आणि दूरदर्शनने त्याला आक्षेप घेतला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल लागला ९ फेब्रुवारी १९९५ ला. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यांच्यावर ना सरकारची मक्तेदारी ना कुणा खाजगी धनवंताची, असं न्यायालयाने सांगितलं. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते, आपल्या महाराष्ट्रातले. मी तेव्हा नववीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला वर्तमानपत्राचं ते कात्रण घेऊन गेले होते. मुलांचं म्हणणं, "बाई, सचिनची शेवटची ओव्हर सांगा." तीही सांगितली.

त्याच वर्षी केबलचा कायदा झाला. केबलवाल्याने मुख्य टपाल कचेरीत जाऊन नोंदणी करायची (पुन्हा पोस्ट!) आणि दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवायच्याच, असं त्यात बंधन घातलं. हे कलम फार मोलाचं. नाहीतर त्या शंभर वाहिन्यांच्या गर्दीत दूरदर्शनची मराठी वाहिनी कुठल्या कुठे हरवली असती. १९९९ च्या १५ ऑगस्टला अल्फा मराठी आलं, २००० साली ई टीव्ही मराठी. तेच पुढे झी मराठी आणि कलर्स मराठी झालं. आणि २००० सालीच दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला 'सह्याद्री' नाव मिळालं.

सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. सतरा-अठरा वर्षांनी त्यांना त्यांची संध्याकाळ परत मिळाली. 'आभाळमाया'च्या वेळेला त्या वेणीफणी करून बसायच्या, जणू कोणी पाहुणे यायचेत. केबलला नावं ठेवणारे पुष्कळ लेख मी तेव्हा वाचले, त्यातले काही पटलेही. पण आमच्या घरात केबलने एका म्हातारीला अंथरुणावरून उठवून हॉलमध्ये आणून बसवलं, हे मी विसरू शकत नाही. २००३ साली त्या गेल्या.

पुढचा इतिहास रुक्ष आहे, भरभर सांगते. जी वाहिनी पाहायची तिचेच पैसे द्या, ही कल्पना सरकारने २००२ च्या कायदादुरुस्तीत आणली. चेन्नईत २००३ साली आणि दक्षिण मुंबईत २००७ च्या सुरुवातीला ती अमलात आली. डोंबिवलीला तिचा वासही आला नाही. छतावरच्या छोट्या डिश २००३ पासून आल्या. दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये बिनमासिकवर्गणीची डिश काढली, जिला आता 'फ्री डिश' म्हणतात. ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्री मुंबईत जुनी केबल बंद होऊन सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, मग पुढच्या टप्प्यात बाकीच्या शहरांत. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवा दरपत्रकाचा नियम लागू झाला. शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. वरच्या सशुल्क वाहिन्यांचे वेगळे. मी आलेखाच्या कागदावर तक्ता करून, निकालपत्रक भरावं तसा हिशेब मांडला होता. केबलवाला बघून म्हणाला, "बाई, हे मला द्या, झेरॉक्स काढून बाकीच्यांना वाटतो." ते ४० पैसे त्याने कधीच घेतले नाहीत. पुढे २०२४ मध्ये त्या १३० रुपयांवरची मर्यादाही निघाली.

मला एक कळलं, दर वेळी सांगणारे असंच सांगतात, की आता तुम्हाला हवं ते निवडता येईल आणि पैसे कमी पडतील. आणि दर वेळी बिल थोडं वाढतंच.

आता मुलाच्या बाजूचं सांगते, नाहीतर एकांगी होईल. ५ सप्टेंबर २०१६ ला, शिक्षकदिनीच, जिओ आलं आणि इंटरनेट स्वस्त झालं. त्याच वर्षी जानेवारीत नेटफ्लिक्स आलं होतं, डिसेंबरात प्राइम. हॉटस्टार आदल्या वर्षीपासून होतं. टाळेबंदीत मालिकांचं चित्रीकरण थांबलं, २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवलं, आणि मी फोनवर जुनी मराठी नाटकं बघायला शिकले. कानात यंत्र घालून रात्री दीड-दीड वाजेपर्यंत. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. तरुणपणी शिवाजी मंदिरला नाटक बघून परत येताना शेवटची लोकल चुकेल म्हणून तिसरा अंक अर्धा सोडलेला आठवतो. आता तिसरा अंक दोनदा बघते. आता तर प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' काढलंय, म्हणजे दूरदर्शनसाठी केबल हवी असंही राहिलं नाही. माझ्या एकटीचा प्रश्न असता तर संक्रांतीपर्यंत थांबायचं कारण नव्हतं.

पण घरात आम्ही दोघं आहोत.

ह्यांना २०२१ साली पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं बरंचसं गेलं. समजतं सगळं, शब्द सापडत नाहीत. सदतीस वर्षं रेल्वेत नोकरी केलेला माणूस, घड्याळ रक्तात. संध्याकाळी चहा झाला की डाव्या हाताने रिमोट घेतात आणि तीन आकडे दाबतात. सह्याद्रीच्या बातम्या. मग आणखी तीन आकडे, मालिका. मालिका संपली की माझ्याकडे बघतात, म्हणजे पान वाढ. हे आकडे ह्यांच्या डोक्यात नाहीत, बोटांत आहेत. मध्ये एकदा केबलच्या वरच्या कंपनीने सगळे क्रमांक बदलले तर चार दिवस घरात अशांतता होती. शेवटी जुने आणि नवे आकडे पुठ्ठ्यावर मोठे लिहून टीव्हीखाली चिकटवले.

मुलगा म्हणाला, महिनाभर करून तर बघू. नवा टीव्ही आला, फायबर आलं, जुना बॉक्स मी काढून कपाटात ठेवला. मनापासून प्रयत्न केला, हे नमूद करते. टीव्ही लावला की आधी चित्रांच्या ओळीच ओळी. एका ठिकाणी ते यंत्र विचारतं, कोण पाहतंय? पहिल्या दिवशी ह्यांनी मान वळवून मागे बघितलं, कोण आलंय म्हणून. मला हसू आलं आणि मग नाही आलं. सह्याद्री लावून द्यायला मी होतेच, पण मी भाजी टाकून येईपर्यंत हे त्या चित्रांपुढे रिमोट हातात धरून बसलेले. आपोआप काही सुरू होत नाही. निवडल्याशिवाय ते यंत्र तसंच ताटकळत राहतं, आणि हेही.

आवाजाने हुकूम देता येतो, मुलाने दाखवलं. म्हटलं, "अरे, ज्यांना आवाज आहे त्यांना." तो गप्प झाला. मला नंतर वाईट वाटलं, त्याचा हेतू चांगलाच होता.

अकराव्या की बाराव्या दिवशी हे संध्याकाळी टीव्हीकडे गेलेच नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसले. अंधार पडला तरी आत येईनात. मला एकदम सासूबाई आठवल्या, आतल्या खोलीत छताकडे बघत पडलेल्या. १९८२ साली आम्ही हिंदी समजणारे होतो, म्हणून आम्हाला काही वाटलं नव्हतं.

फ्री डिशचाही विचार केला. महिन्याचा खर्च नाही, सह्याद्री आहे, आकडे दाबले की लागतं. पण आमच्या सोसायटीने गळतीमुळे गच्चीवर डिश बसवायला बंदी केलीय, आणि ह्यांची मालिका त्यावर मिळेना. म्हणून ते बारगळलं.

केबलवाल्याला बोलावून घेतलं. तो आता पन्नाशीच्या आसपास आहे, केस माझ्यापेक्षा पांढरे. त्याला वाटलं काढायला बोलावलं. "बाई, राहू द्या असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला, "रोज दोन-चार जण सोडतात. मीच आता फायबर ओढतो घरोघर." म्हणजे आमच्या घरातलं ते नवं फायबरसुद्धा ज्या खांबावरून आलंय, त्याची देखभाल याच्याच पोरांकडे! ही माहिती मुलालाही नव्हती.

त्याला म्हटलं, सगळे सशुल्क गठ्ठे काढ. फुकटच्या वाहिन्या ठेव, आणि ह्यांच्या मालिकेची एक मराठी. त्याने तिथेच फोनवर बोटं फिरवून केलं. बिल निम्म्याच्याही खाली आलं. नव्या टीव्हीला जुना बॉक्स जोडला, आणि टीव्ही चालू केल्याबरोबर आधी केबलच लागेल, चित्रांच्या ओळी नाहीत, अशी काहीतरी खटपट करून दिली. मला नाटकं बघायची असली की मी रात्री हे झोपल्यावर दुसऱ्या रिमोटने लावते.

मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे दोन्हीचे पैसे?" म्हटलं, "हो. हे असेपर्यंत." मग दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मग त्याने विचारलं, तिळाचे लाडू कोणाबरोबर पाठवतेस?

जाताना केबलवाल्याने खिडकीबाहेर डोकावून पाहिलं. १९९३ ची ती काळी वायर अजून तिथे लोंबकळत आहे, कधीच बंद पडलेली, तिच्या जागी दुसरी आली त्यालाही किती वर्षं झाली. "बाई, ही कापून टाकू का? उगीच कावळे बसतात."

हे खुर्चीतून डावा हात हलवून 'नको' म्हणाले. का नको, ते काही कळलं नाही. राहू दिली.